उसना सांधा

अ‍ॅडव्होकेट विश्वजितराव सरनोबतांना मेंदूचा झटका आला शनिवारी सकाळी, आणि त्यांच्या बायकोला ते कळलं सोमवारी दुपारी. तेही नवऱ्याच्या ज्युनिअरकडून, फोनवर.

यात शलाकाचा काही दोष नाही, असं पुढे सगळे म्हणाले. हातपाय धड होते, तोंड वाकडं झालं नव्हतं, माणूस वेळेवर जेवत होता, पेपर उलटत होता. गेलं होतं ते फक्त बोलणं. आणि घरात विश्वजितराव बोलायचे तरी काय? "चष्मा." "किल्ली." "मीठ." सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोवर एका वेळी एकाहून जास्त शब्द क्वचितच खर्च केला होता, आणि शलाका त्या एका शब्दावरून मागचं-पुढचं ओळखून कामाला लागायची. शनिवारी त्यांनी "मीठ" म्हटलं, तिने मीठ वाढलं. रविवारी "पंखा" म्हटलं, तिने पंखा लावला. सोमवारी ऋता इनामदारने कुठल्याशा अपिलाबद्दल विचारायला फोन केला, सरांचं बोलणं जेमतेम ऐकलं आणि फोन वहिनींकडे द्यायला सांगितलं.

"वहिनी, सरांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. फार तुटक बोलतायत."

"मग? ते तसंच बोलतात," शलाका म्हणाली.

मग ऋता अगदी हळू म्हणाली, "नाही हो वहिनी. सर असं कधीच बोलत नाहीत."

ते वाक्य शलाकाच्या मनात काट्यासारखं रुतलं. नवऱ्याचा जीव वाचला, औषधं लागू पडली, शेजारणी येऊन नारळ ठेवून गेल्या, पण काटा होता तिथंच राहिला.

ऋता वीस वर्षांपूर्वी चेंबरमध्ये आली तेव्हा नुकती सनद मिळालेली, बावरलेली मुलगी होती. आता दारावरच्या पाटीवर तिचं नाव सरांच्या नावाशेजारी होतं. लग्न तिने केलं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण शलाकाने तिच्यासाठी केव्हाच राखून ठेवली होती. वावगं काही नव्हतं, हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. ते असतं तर एकदाच कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. नुसत्या बोलण्याबद्दल भांडायचं कसं?

---

कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात डॉ. निलोफर मुजावर म्हणून मेंदूच्या डॉक्टर होत्या. त्यांनी शलाकाला समोर बसवलं आणि एका कोऱ्या कागदावर चार इंग्रजी शब्द लिहिले. सन, लँड, सेल, मदर.

"तुम्ही गणिताच्या बाई ना? मग हे सोडवा. काय झालं असेल?"

"मुलाने आईची जमीन विकली," शलाका म्हणाली.

"किंवा आई जमीन मुलाला विकणार आहे. किंवा मुलाने विकू नये म्हणून आई कोर्टात गेलीय. चारही शब्द जागेवर आहेत, पण खटला कुणी कुणावर केलाय ते कळत नाही. साहेबांचं नेमकं हेच झालंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. इंग्रजीत शब्दांच्या दोन जाती असतात. एक अर्थाची. जमीन, आई, विकणे, लाल, हळूहळू. ही जात उघडी आहे. रोज नवं यंत्र निघतं, नवा रोग येतो, तसे नवे शब्द तिच्यात भरती होतात. दुसरी जात बांधणीची. द, अ, ऑफ, टू, विल, हॅड, इफ, दॅट. ही जात जवळजवळ बंद आहे. शतकं लोटली तरी तिच्यात क्वचितच कुणाला प्रवेश मिळतो. संख्येने हे शब्द काही शेच, पण आपण बोलतो त्यातलं निम्मं बोलणं यांचंच. नाम आलं की त्याला द किंवा अ चा उंबरठा लागतो. क्रियापदाच्या डोक्यावर विल, हॅड, मे यांचं छप्पर लागतं. अख्ख्या वाक्याला दुसऱ्या वाक्यात शिरायचं तर इफ किंवा दॅटचं दार लागतं. अर्थाचे शब्द त्या घरात राहायला येतात.

"साहेबांची माणसं जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "घर पडलंय."

आणि त्या पडलेल्या घरासाठी आता यंत्र निघालं होतं. नाव सांधा. डाव्या कानाच्या वर, केसांत लपेल एवढी पट्टी. बोलणाऱ्याच्या मेंदूत अर्थाचे शब्द जुळू लागले की ही पट्टी बांधणीचे शब्द नेमक्या क्षणाला आत सोडायची, आणि माणूस सलग बोलायचा. तुमच्या जागी अख्खं भाषण करून देणारी यंत्रं बाजारात ढिगाने होती, पण हायकोर्टाच्या खंडपीठात त्यांना बंदी होती. वकिलाचं म्हणणं वकिलाच्याच डोक्यातून आलं पाहिजे. सांध्याला मात्र चष्म्यासारखी परवानगी होती, कारण तो अर्थाचा एकही शब्द पदरचा घालत नसे. मराठीसाठी सांधा अजून तयार नव्हता. आपल्याकडे बांधणी सुटी नसते, ती चा, ला, ने, ईल होऊन शब्दालाच चिकटते, आणि ते सोडवणं यंत्राला जमत नव्हतं.

"मग बसवा की इंग्रजीचा," शलाका म्हणाली. "त्यांचा जीव कोर्टातच आहे, आणि तिथं सगळं इंग्रजीतच."

"बसवू. पण बांधणी कुणाची?"

शलाकाला प्रश्नच कळला नाही.

बांधणीची ढब प्रत्येकाची वेगळी असते, डॉक्टर म्हणाल्या. साहेबांचा स्वतःचा बोलण्याचा साचा फुटलाय. जुन्या ध्वनिफिती असल्या तरी उपयोग नाही, कारण माणूस बोलताना त्याचा मेंदू स्वतःचा आवाज दाबून टाकतो. आपण आपलं बोलणं खरं म्हणजे ऐकतच नाही. पण दुसऱ्याचं ऐकताना मेंदू सारखा पुढचा शब्द ओळखत असतो. ओळख चुकली की एक बारीकशी लाट उठते, बरोबर आली की सगळं शांत. ज्याचं बोलणं ऐकताना लाटा उठत नाहीत, त्याचा साचा आत पक्का बसलेला असतो. तोच उसना घ्यायचा. आणि तीन महिन्यांच्या आत, कारण तोवरच मेंदू मातीसारखा ओला असतो. नंतर जे बसलं ते बसलं.

चाचणीला चार आवाज होते. बंगळूरचे थोरले दीर, कायद्याचे जुने प्राध्यापक, चेंबरमधल्या जुन्या ध्वनिफितीतून उचललेली ऋता, आणि हट्टाने चौथी शलाका. तिने इंग्रजी पुस्तकातलं एक पान घाम पुसत वाचलं होतं. पडद्यावर चार पट्टे उभे राहिले, ज्याची ओळख जितकी पक्की तितका त्याचा पट्टा उंच. दिरांचा गुडघ्याएवढा, प्राध्यापकांचा कमरेएवढा. ऋताचा पट्टा थेट वरच्या कडेला टेकला. शलाकाचा पट्टा जमिनीवरून उठलाच नाही.

"हे फक्त इंग्रजीचं मोजमाप आहे हं," डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या.

शलाकाने मान डोलावली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. आयुष्यभर मुलांना तिने सांगितलं होतं की आकडा खोटं बोलत नाही. आता आकड्यानेच सांगितलं होतं, तिच्या नवऱ्याच्या डोक्यात कोण राहतं ते.

"ऋता मॅडमची संमती लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "चार-पाच दुपारी इथं येऊन बोलावं लागेल. तुम्ही विचारता का त्यांना?"

"विचारते," शलाका म्हणाली.

---

तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून ती म्हणाली, "त्या नको म्हणाल्या. खासगी गोष्ट आहे म्हणे." खोटं बोलताना आवाज कापेल अशी तिला भीती होती, पण आवाज सुतासारखा सरळ निघाला. नवऱ्याला सांगताना तर तिने त्याहून कमी शब्द वापरले. "ऋता नको म्हणाली."

विश्वजितरावांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "ऋता? ...नको?"

"नको."

त्यांचा चेहरा उतरला. शलाकाला तो उतरलेला चेहरा बघवला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी पोटात कुठंतरी गारही वाटलं.

मग बसवला गेला सर्वसाधारण साचा, हजारो लोकांच्या बोलण्यातून काढलेला. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. पट्टी सुरू झाली आणि विश्वजितराव इंग्रजीत वाक्यं बोलू लागले. शलाकाने गल्लीत पेढे वाटले. वाक्यं थोडी उशिरा यायची, विमानतळावर सूचना देतात तशा सुरात यायची, पण यायची.

ऋता दर रविवारी फाईली घेऊन घरी येत होती. पूर्वी या दोघांचं इंग्रजी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात ऐकू यायचं, एकमेकांना तोडत, खोडत, मधेच खो खो हसत. आता सर तिच्याशी तोलून मापून दोन वाक्यं बोलत आणि फाईल बंद करत. ऋता गोंधळून त्यांच्याकडे बघत राही. शलाका आतून सगळं ऐके. ऋताला ती इतकी वर्षं पाण्यात पाहत आली होती, आणि आता कुठं तिचा जीव थंड होत होता. त्या महिन्यात तिच्या हातच्या पांढऱ्या रश्शालाही निराळी चव आली होती.

मग विश्वजितराव खंडपीठासमोर उभे राहिले. प्रकरण किरकोळ होतं, नुसती तारीख मागायची होती. त्यांनी तोंड उघडलं आणि अख्ख्या कोर्टाने तो आवाज ऐकला, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, असा. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. समोरच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. ते त्यांनी सोसलं असतं, त्यांनीही आयुष्यभर समोरच्यांना हसून घेतलं होतं. पण न्यायमूर्ती प्रेमाने म्हणाले, तुम्ही बसून बोललात तरी चालेल. ज्या माणसाची उलटतपासणी ऐकायला नवे वकील भिंतीला टेकून उभे राहायचे, त्याला बसायला खुर्ची मिळाली.

घरी येऊन त्यांनी पट्टी काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. त्यानंतर ते बोललेच नाहीत. इंग्रजी नाही आणि मराठीही नाही. मीठ कमी असलं तर तसंच जेवत. उकडलं तर तसेच बसून राहत. शलाका समोर चष्मा धरी, किल्ली धरी, हे हवं का, ते हवं का विचारी. ते मान फिरवत. अख्खा नवरा पदरात पडला होता, कुणाचाही वाटा नाही. पण एकही शब्द नव्हता.

---

पुढच्या रविवारी ऋता आली तेव्हा सर खोलीतून बाहेरच आले नाहीत. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिथवर ती कधी येत नसे.

"वहिनी, माझं काय चुकलं?" तिचे डोळे भरले होते. "वीस वर्षांत सरांनी मला शंभर वेळा मूर्ख म्हटलं असेल, पण परकं कधी केलं नाही."

शलाका कांदा चिरत होती. तिने ठरवून काही सांगितलं नाही, तोंडातून निघूनच गेलं. "त्यांना वाटतंय, तुम्ही साचा द्यायला नको म्हणालात."

"कसला साचा?"

शलाकाने सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. चार पट्टे, तिचा न उठलेला पट्टा, डॉक्टरांना केलेला फोन.

ऋता आधी सुन्न झाली. मग तिचा चेहरा लाल झाला. "मला विचारलंसुद्धा नाहीत? वहिनी, तीन महिने संपत आले! माणसाची जीभ कापून ठेवलीत तुम्ही!"

"हो," शलाका म्हणाली. "ठेवली."

"का पण? काय केलं होतं मी?"

"तुम्ही फोनवर दोन वाक्यं ऐकलीत आणि ओळखलंत. मी दोन दिवस त्याच घरात होते. अजून काय करायला हवं होतं तुम्ही?"

ऋता स्टुलावर बसली. कुकरची शिट्टी झाली तशी शलाकाने उठून गॅस बारीक केला.

"एक सांगू?" ऋता म्हणाली. "माझा पट्टा वर गेला, कारण सर माझ्याशी रोज भांडायचे. मी पुढं काय म्हणणार ते आधीच ओळखून खोडायचं, हा त्यांचा खेळ होता. आणि चेंबरमधून ते तुम्हाला फोन करायचे, 'निघालो'. एवढंच. तुम्हाला सगळं कळायचं. मला एखादी गोष्ट कलम-पोटकलमासकट सांगितल्याशिवाय कळली नाही कधी. मी त्या एका शब्दावर जळायचे, वहिनी."

हे ऐकून शलाकाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भुकेल्या माणसाला कुणी सांगावं की तुझ्या रिकाम्या ताटाचा मला हेवा वाटतो, तसं झालं.

"बदलायचा का मग?" ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द घ्या, मी भांडण घेते."

ऋताला रडता रडता हसू आलं. शलाकाला आलं नाही. तिने हात धुतले आणि डॉक्टरांना फोन लावला.

---

डॉ. मुजावर काय बोलायचं ते बोलल्या. शलाकाने ते मान खाली घालून ऐकलं. मेंदू अजून थोडा ओला होता, पण हमी देता येत नव्हती. सर्वसाधारण साचा पुसून दुसरा बसवायचा, आणि लगेच.

ऋता काचेमागच्या खोलीत बसून दुपारच्या दुपार बोलत होती. शलाका बाहेर बाकावर बसून तिचे हलणारे ओठ बघत होती. आवाज ऐकू येत नव्हता, ते एक बरं होतं. आपणच आणून बसवलंय हिला इथं, असं ती स्वतःला बजावत होती. त्याने मत्सर कमी होतो अशी कुणाची समजूत असेल, तर त्याने एकदा त्या बाकावर बसून पाहावं.

पट्टी सुरू केली त्या दिवशी विश्वजितराव नाखुशीनेच खुर्चीत बसले. समोर डॉक्टर, बाजूला ऋता, दाराशी शलाका. डॉक्टरांनी खूण केली. विश्वजितरावांनी तोंड उघडलं.

"इफ आय मे," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य नळाचं पाणी यावं तसं घडघड आलं.

ऋताने दचकून तोंडावर हात ठेवला. 'इफ आय मे' ही तिची सवय होती, कोर्टातल्या प्रत्येक मुद्द्याआधीची. सरांनी त्यावरून तिला वर्षानुवर्षं चिडवलं होतं. विश्वजितरावांच्याही ते लक्षात आलं. ते थांबले, आणि मग दोघंही हसत सुटले, पूर्वी दिवाणखान्यात हसायचे तसे. शलाका दाराची चौकट धरून उभी राहिली. नवऱ्याच्या तोंडात दुसऱ्या बाईची लकब होती, आता जन्मभर राहणार होती, आणि तो किती सुंदर बोलत होता!

हसू ओसरल्यावर त्यांनी ऋताला विचारलं. शलाकाला इंग्रजी बोलता येत नसलं तरी एवढं कळत होतं. आधी तू का नको म्हणाली होतीस?

ऋताने शलाकाकडे पाहिलं नाही. अगदी सहज ती म्हणाली, घाबरले होते सर. माझ्या डोक्यातलं काय काय बाहेर येईल, कुणास ठाऊक. मग वहिनींनी समजूत घातली.

शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. दयाही हिनेच करावी? त्यातही पहिला नंबर हिचाच? तिथल्या तिथे खरं ओरडून सांगावंसं तिला वाटलं, पण तिने नुसती चौकट घट्ट धरली. विश्वजितरावांनी तीस वर्षं साक्षीदार तपासले होते. त्यांनी एकदा ऋताकडे पाहिलं आणि मग दाराकडे.

---

घरी आल्यावर संध्याकाळी त्यांनी पट्टी काढून डबीत ठेवली. घरात तिचा उपयोग नव्हता. शलाका समोर येऊन उभी राहिली तशी ते म्हणाले,

"ऋता."

एकच शब्द. सवयीने शलाकाला त्यातलं सगळं ऐकू आलं, प्रश्न, संशय, दुखावलेपण, सगळं. उत्तरही तोंडाशी आलं. तिने ते गिळलं.

"ऋताचं काय?"

विश्वजितरावांनी हात हलवला. तुला कळलंय, असा.

"नाही कळलं," शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला आजपासून एका शब्दावर काही कळत नाही. तिच्याशी वीस वर्षं वाक्यं बोललात. मला मीठ आणि पंखा. मीही ओळखत राहिले, आणि त्याचा केवढा अभिमान होता मला! तुमचा मेंदू फुटला तरी मला कळलं नाही! पुरे झालं. मला वाक्य हवंय. मोडकं चालेल, वेळ लागला तरी चालेल. पण अख्खं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तू... खोटं..."

शाळेत फळ्यापुढं अडलेल्या पोरांना शलाका कधी उत्तर पुरवत नसे.

"तू... मी... माझं... माझ्या..." त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. शब्द होते, त्यांना जोडणारं काही हाताला लागत नव्हतं. त्यांनी मूठ आपटली. डोळ्यांत पाणी आलं. ओळखून टाक की गं, असं ते डोळे म्हणत होते, आणि शलाकाला ओळखता येत होतं, पहिल्या शब्दापासून येत होतं. ती ओठ मिटून राहिली. बाहेर दिवेलागण झाली, कुणी दिवा लावला नाही.

"तू... माझ्याशी... खोटं..." त्यांनी श्वास घेतला. "का... बोललीस?"

सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी ती जळत होती, ते तिच्या हातात पडलं. हे असं वाक्य असेल, असं तिला वाटलं नव्हतं. ती त्यांच्या समोरच खाली जमिनीवर बसली.

"मला तिचा हेवा वाटत होता," ती म्हणाली. "अजून वाटतो."

एरवी एवढं ऐकून त्यांनी पेपर उचलला असता. आज ते खुर्चीत पुढे सरकले, तिच्या तोंडाकडे बघत, पुढचं वाक्य काय असेल ते ओळखू पाहत.